माराकेशमध्ये ऑर्वेलला काय दिसलं, आणि काय दिसलं नाही

'क्रिटिकली वाचा' हे वाक्य तुम्ही पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये पहिल्याच आठवड्यात ऐकणार आणि थेट व्हायवापर्यंत ऐकत राहणार. पण म्हणजे नेमकं करायचं काय, हे सहसा कोणी करून दाखवत नाही. मग आपण काय करतो? पेपर वाचतो, शेवटी 'सॅम्पल साइझ लहान आहे' असं एक वाक्य टाकतो, आणि झालं क्रिटिकल वाचन!

आज जरा वेगळं करून बघू. पेपर बाजूला ठेवू आणि एक प्रवासलेख वाचू. जॉर्ज ऑर्वेलचा 'माराकेश'. १९३९ च्या अखेरीस हा लेख लंडनच्या 'न्यू रायटिंग' या नियतकालिकात आला. जेमतेम सात-आठ पानांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. वाचला नसेल तरी हरकत नाही, लागेल तेवढं मी सांगत जाईन. पण नंतर मूळ लेख वाचाच. दुसऱ्याने केलेल्या सारांशावर विसंबून टीका करायची नाही, ही सवय आत्तापासूनच लावून घ्या.

विज्ञानाची विद्यार्थिनी साहित्यात का घुसतेय, असं वाटेल. कारण सांगते. निरीक्षण म्हणजे काय, निरीक्षणातून निष्कर्ष कुठे सुरू होतो आणि निरीक्षक स्वतः किती आंधळा असू शकतो, हे मला कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा या लेखाने जास्त चांगलं शिकवलं. त्यातलं निम्मं त्याच्या गुणांनी शिकवलं आणि निम्मं त्याच्या चुकांनी.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात

ऑर्वेलचा जन्म १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात होते. तो स्वतः १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. म्हणजे साम्राज्य आतून कसं चालतं हे त्याने नोकर म्हणून पाहिलेलं होतं. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात त्याच्या गळ्यातून गोळी गेली, पुढच्या वर्षी फुफ्फुसांचं दुखणं उलटलं. डॉक्टरांनी उबदार हवेत जायला सांगितलं. पैसे नव्हते. एका कादंबरीकाराने नाव न कळवता ३०० पौंड दिले आणि सप्टेंबर १९३८ मध्ये तो पत्नी आयलीनसह माराकेशला पोचला. मार्च १९३९ पर्यंत ती दोघं तिथे होती.

मोरोक्को तेव्हा फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता. १९१२ च्या करारानंतर सुलतान नावापुरता आणि सत्ता फ्रेंच रेसिडेंट-जनरलची, असा कारभार. स्वातंत्र्य मिळालं ते १९५६ मध्ये. म्हणजे आपला लेखक इंग्रज आहे, फ्रेंचांच्या वसाहतीत आलाय, आजारी आहे, आणि सहा-सात महिने एका जागी राहिलाय. या चारही गोष्टी लक्षात ठेवा. निरीक्षक कुठे उभा आहे, किती वेळ उभा आहे आणि कोणाच्या खर्चाने उभा आहे, हे कुठलाही अभ्यास वाचताना पहिल्यांदा विचारायचं.

तुलनेसाठी त्याच देशातल्या आणखी एका प्रवाशाचं उदाहरण घ्या. अमेरिकन कादंबरीकार ईडिथ व्हार्टन १९१७ मध्ये मोरोक्कोत गेली आणि १९२० मध्ये तिचं 'इन मोरोक्को' हे पुस्तक आलं. ती रेसिडेंट-जनरल ल्योते यांची पाहुणी होती, फिरायला लष्करी मोटार होती. पुस्तक ल्योते पती-पत्नींना अर्पण केलेलं आहे आणि त्यात ल्योतेंच्या कार्यावर कौतुकाचं एक अख्खं प्रकरण आहे. व्हार्टनने हे काहीही लपवलेलं नाही. तरीपण मोटारीच्या खिडकीतून जे दिसतं तेच तिला दिसलं. हितसंबंध जाहीर केल्याने ते नाहीसे होत नाहीत, हा धडा तिथे मिळतो. आपल्या पेपरांच्या शेवटी 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' नावाची ओळ असते ना, ती वाचताना हे आठवा.

ऑर्वेलकडे मोटार नव्हती, पाहुणचार नव्हता. म्हणूनच त्याला जे दिसलं ते वेगळं आहे.

लेखात आहे काय

लेख पाच-सहा तुकड्यांचा आहे. सुरुवातीला एक प्रेतयात्रा जाते आणि हॉटेलातल्या माश्या टेबलं सोडून प्रेतामागे जातात. मग दफनभूमीचं वर्णन: पेटी नाही, दगड नाही, नाव नाही, नुसता मातीचा उंचवटा. पुढे सार्वजनिक बागेत तो हरणाला पाव खाऊ घालत असतो, तेव्हा नगरपालिकेचा एक अरब मजूर जवळ येऊन म्हणतो की हा पाव मलाही चालेल. मग ज्यूंच्या वस्तीतला सुतार येतो. जुन्या पद्धतीच्या लेथवर एका हाताने धनुकली चालवतो, डाव्या पायाने पटाशी धरतो, आणि आयुष्यभर तसं बसून त्याचा पायच वाकडा झालेला आहे. ऑर्वेल सिगरेट पेटवतो तर आसपासच्या अंधाऱ्या खोल्यांतून माणसं धावत येतात आणि मिनिटभरात पाकीट रिकामं होतं. पुढे शेती: लाकडी नांगर, गाय आणि गाढव एका जुवाला जुंपलेली, आणि लसूणघास कापायचा नाही तर मुळासकट उपटायचा, म्हणजे बोटभर जास्त वैरण हाती लागते. मग सरपण वाहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. आणि शेवटी दक्षिणेकडे कूच करणारं सेनेगली सैनिकांचं दळ.

यातली ज्यूंच्या वस्तीची जागा विशेष बघा. कोणीतरी त्याला सांगतं की खरे सत्ताधीश हेच, सगळा पैसा यांच्याच हातात. हिटलरच्या काळातलं हे वाक्य आहे. ऑर्वेल त्यावर व्याख्यान देत नाही. बारा-बारा तास राबणारी आणि एका सिगरेटसाठी धावणारी माणसं त्याने आधीच दाखवलेली आहेत, त्यामुळे ते वाक्य आपोआप कोसळतं. ऐकीव दाव्यासमोर प्रत्यक्ष निरीक्षण ठेवणं म्हणजे काय, याचा हा नमुना आहे.

'बीडीएल' म्हणजे शून्य नव्हे

आता लेखाच्या गाभ्याकडे येऊ. त्याच्या घरासमोरच्या रस्त्यावरून रोज दुपारी म्हाताऱ्या बायकांची रांग सरपणाचे भारे घेऊन जायची. कित्येक आठवडे जायची. ऑर्वेल कबूल करतो की त्या डोळ्यांसमोरून जात होत्या, पण आपण त्यांना पाहिलं असं म्हणता येणार नाही. त्याच्या लेखी सरपण चाललं होतं, बस्स. एक दिवस तो त्यांच्या मागून चालत होता तेव्हा भाऱ्याखाली माणूस आहे हे त्याला उमगलं. आणि यावर तो जे जोडतो ते फार बोचणारं आहे: गाढवांवर लादलेलं जास्तीचं ओझं मात्र मोरोक्कोच्या जमिनीवर पाय ठेवल्यापासून पाच मिनिटांत त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्याचा संतापही आला होता.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. आपण निकालात 'बीडीएल' लिहितो, म्हणजे डिटेक्शन लिमिटच्या खाली. याचा अर्थ तो घटक पाण्यात नाही असा होत नाही. आपल्या उपकरणाला तो दिसला नाही, एवढाच होतो. ऑर्वेल इथे स्वतःच्या नजरेचं डिटेक्शन लिमिट सांगतोय. गाढव दिसण्याइतकी नजर तीक्ष्ण आहे, म्हातारी दिसण्याइतकी नाही. आणि कारणही सांगतोय: उष्ण देशातल्या दृश्यात गोऱ्या माणसाचे डोळे माती, झाडं, डोंगर सगळं टिपतात, पण मातीच्याच रंगाची माणसं तेवढी टिपत नाहीत. तो पुढे असंही म्हणतो की इंग्लंडमधल्या बेकारीने पिचलेल्या गावांत कोणी स्वस्त सहली काढणार नाही, पण त्वचा तपकिरी असली की गरिबी दिसेनाशी होते आणि तिथे सहली निघतात.

आपलं उपकरण कुठे कमी पडतं हे लेखाच्या ऐन मध्यात सांगायला हिंमत लागते. बहुतेक प्रवासवर्णनांत लेखक सगळं पाहणारा, सगळं समजणारा असतो. बहुतेक थिसिसमध्येही असतो. 'मर्यादा' नावाचा अर्धा पान मजकूर आपण शेवटच्या प्रकरणात लपवतो. ऑर्वेलने ती मर्यादाच लेखाचा विषय केली. हा लेख टिकला तो त्यामुळे.

इथपर्यंत कौतुक. आता खरं काम.

पहिली अडचण: एका पुराव्याची दोन कारणं

दफनभूमीकडे परत चला. नाव नसलेली, दगड नसलेली थडगी बघून ऑर्वेल म्हणतो की ही माणसं जन्मतात, राबतात, उपाशी राहतात आणि निनावी मातीत जातात, कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि सगळी साम्राज्यं याच गोष्टीवर उभी आहेत.

निष्कर्ष जोरदार आहे. पण पुरावा तो निष्कर्ष पेलतो का? इस्लाममध्ये दफन साधंच असतं. मृतदेह कफनात गुंडाळतात आणि शक्य तितक्या लवकर पुरतात, पेटीची गरज नसते. मोरोक्कोत मालिकी परंपरा चालते आणि तिच्यात थडग्यावर बांधकाम करणं, चुना लावणं नापसंत मानलेलं आहे. म्हणजे बिनदगडाचं थडगं हे दारिद्र्याचं लक्षण असू शकतं, तसंच धर्मश्रद्धेचंही असू शकतं. नुसत्या उंचवट्याकडे बघून यातलं कोणतं, हे सांगता येत नाही. आपल्या भाषेत हे कन्फाउंडिंग आहे.

लक्षात घ्या, मी निष्कर्ष चुकीचा आहे असं म्हणत नाही. साम्राज्य माणसांना माणूस न समजण्यावर उभं असतं, हे बरोबरच आहे. पण बरोबर निष्कर्षाला चुकीचा पुरावा जोडला की दोन्हींचं नुकसान होतं. विरोधक पुरावा खोडतो आणि निष्कर्षही खोडला असं जाहीर करतो. शहरात दोन लाख माणसं, त्यातल्या किमान वीस हजारांकडे अंगावरच्या चिंध्यांखेरीज काही नाही, हा आकडाही असाच. तो कुठून आला हे लेखात नाही. तुमच्या थिसिसमध्ये असं वाक्य असतं, तर एक्झामिनरने तिथेच लाल पेन उचललं असतं.

दुसरी अडचण: चर दिसले, शास्त्र दिसलं नाही

शेतीच्या वर्णनात एक वाक्य आहे ज्यावर मी भूजलाची विद्यार्थिनी म्हणून थबकले. शेतांच्या कडेने तीस-चाळीस फूट खोल चर खणलेले असतात, जमिनीखालच्या बारीक झऱ्यांपर्यंत पोचण्यासाठी, असं तो लिहितो. संदर्भ दैन्याचा आहे: बिचारे शेतकरी, थेंबभर पाण्यासाठी किती उकरतात.

हे वर्णन माराकेशच्या खेत्तारांशी जुळतं. खेत्तारा म्हणजे जमिनीखालून जाणारा हलक्या उताराचा बोगदा. अ‍ॅटलास पर्वताच्या पायथ्याकडे, जिथे भूजलाची पातळी वर असते, तिथे पहिली विहीर खणतात. तिथून शहराकडे किंवा शेताकडे बोगदा नेतात. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे पुढे जाऊन पाणी आपोआप जमिनीवर येतं. मोट नको, पंप नको. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी ठेवतात, माती काढायला आणि हवा यायला. वरून बघणाऱ्याला फक्त मातीच्या ढिगांची रांग दिसते. माराकेश शहर वसलं अकराव्या शतकात, अल्मोराविद घराण्याच्या काळात, आणि हे तंत्र तिथे कसं आलं याची हकीकत बाराव्या शतकातल्या अल-इद्रीसी या भूगोलकाराने लिहून ठेवली आहे. त्या कोरड्या मैदानावर एवढं मोठं शहर आणि बागा उभ्या राहिल्या त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे.

तुम्ही बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिला असेल तर हे तंत्र ओळखीचं वाटेल. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, मलिक अंबरने सतराव्या शतकात केलेली नहरही याच कुळातली. त्यांना आपण 'बिचाऱ्यांनी पाण्यासाठी उकरलेले चर' म्हणत नाही. अभियांत्रिकी म्हणतो, आणि अभिमानाने म्हणतो.

पण थांबा, दुसऱ्या टोकालाही जायचं नाही. 'प्राचीन शहाणपण' म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि विषय संपवायचा, हीसुद्धा पर्यटकाचीच नजर. खेत्तारा साफ करणं हे जिवावरचं काम असतं, बोगदा ढासळतो, माणसं दबतात. शेतकरी गरीब होते हे ऑर्वेलचं म्हणणं खरंच आहे. त्याची चूक एवढीच की गरिबी दिसली आणि तिच्या हातातलं ज्ञान दिसलं नाही. गरीब माणूस म्हणजे अडाणी माणूस, हे समीकरण त्याने मांडलं नाही, पण मोडलंही नाही.

आणि पाण्याचं आणखी एक अंग लेखात नाहीच. ऑर्वेल यायच्या बरोबर एक वर्ष आधी, सप्टेंबर १९३७ मध्ये, मेकनेस शहरात बूफेक्रान नदीच्या पाण्यावरून मोठा उठाव झाला होता. नदीचं पाणी फ्रेंच वसाहतकारांच्या जमिनींकडे वळवलं जातंय म्हणून लोक रस्त्यावर आले, सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. पाठोपाठ राष्ट्रवादी चळवळ दडपण्यात आली आणि तिचा नेता अल्लाल अल-फासी याला गॅबनला हद्दपार केलं गेलं. माराकेशमध्येही खरी सत्ता थामी अल-ग्लावी या पाशाकडे होती, जो फ्रेंचांच्या मदतीने प्रचंड श्रीमंत झाला होता. लेखात हा पाशाही नाही आणि ते आंदोलनही नाही. त्यामुळे होतं काय की, पाण्याची टंचाई निसर्गाने दिलेली वाटते. पाणी कोणाच्या शेतात जातं हा प्रश्नच पडत नाही. साम्राज्याविरुद्ध लिहिलेल्या लेखात हे राहून जावं, हे मला खटकतं.

तिसरी अडचण: दुसऱ्याच्या मनातलं वाचणं

पुन्हा त्या म्हातारीकडे येऊ. ऑर्वेलने एक दिवस चार फुटी, वाकलेल्या एका बाईला थांबवलं आणि तिच्या हातात छोटंसं नाणं ठेवलं. ती किंचाळल्यासारखी ओरडली. हे निरीक्षण झालं. मग तो सांगतो की त्या ओरडण्यात थोडी कृतज्ञता होती आणि बरंचसं आश्चर्य. तिच्या दृष्टीने त्याने तिची दखल घेणं म्हणजे जणू निसर्गनियम मोडणं होतं, कारण ओझ्याचं जनावर हे आपलं स्थान तिने मान्य केलेलं होतं.

हे कशावरून? तो फ्रेंच बोलायचा. ती बहुधा दारिजा अरबी बोलत असणार, किंवा अ‍ॅटलासमधली ताशेलहित. दोघांत एक शब्द झालेला नाही. अनोळखी परदेशी पुरुषाने रस्त्यात अडवलं म्हणून एखादी म्हातारी भीतीने ओरडली नसेल का? कदाचित तो आशीर्वाद असेल. कदाचित शिवी असेल! आपल्याकडे कुठल्या आजीला अशी वाटेत अडवून बघा, काय काय ऐकायला मिळतं ते.

शेवटच्या प्रसंगातही हेच. चार-पाच हजार सेनेगली सैनिक चाललेत. त्यातला एक तरुण त्याच्याकडे बघतो, आणि त्या नजरेत ऑर्वेलला आदर दिसतो. त्यावरून तो लिहितो की या लोकांना आपण आणखी किती दिवस फसवणार, ते बंदुका उलट्या कधी फिरवतील, हा विचार तिथे असलेल्या प्रत्येक गोऱ्याच्या मनात होता, फक्त त्या सैनिकांनाच ते गुपित ठाऊक नव्हतं.

एका नजरेवरून पाच हजार मनांचा निष्कर्ष! इथे मात्र 'सॅम्पल साइझ' म्हणायला हरकत नाही. पाचच वर्षांनी, १ डिसेंबर १९४४ रोजी, डाकारजवळच्या थियारोये छावणीत जर्मनांच्या कैदेतून परतलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला. फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मृतांचा होता आणि इतिहासकार तो फार कमी मानतात. आपल्याला फसवलं जातंय हे या सैनिकांना ठाऊक नव्हतं, असं म्हणणं अवघड आहे. त्या तरुणाला कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

म्हणजे बघा, लेखाचा मुख्य मुद्दाच हा की गोऱ्या माणसाला ही माणसं दिसत नाहीत. ऑर्वेल तो पडदा दूर करतो आणि त्याला माणूस दिसतो. पण दिसल्यावर तो माणसाला बोलू देत नाही, त्याच्या वतीने स्वतःच बोलतो. अख्ख्या लेखात एकाही मोरोक्कन माणसाला नाव नाही. त्याच्या डायरीत मात्र घरकामाला असलेला माणूस नावानिशी येतो. त्या डायऱ्यांत पिकं, जनावरं, भाव, फ्रेंच वर्तमानपत्रांवरच्या नोंदी, एवढंच काय, कोंबड्यांनी दिलेल्या अंड्यांचा हिशेबही आहे. लॅब नोटबुकमध्ये होतं ते पेपरमध्ये आलं नाही. हेही आपल्याला परिचयाचं आहे, नाही का?

यावर ऑर्वेलच्या बाजूने एक उत्तर आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. हा सर्व्हे नाही, निबंध आहे. तो मोरोक्कोबद्दल कमी आणि इंग्लंडमधल्या वाचकाच्या नजरेबद्दल जास्त आहे. त्याला मोरोक्कन माणूस काय विचार करतो हे सांगायचंच नव्हतं, 'आपण' किती कमी बघतो हे सांगायचं होतं. हे मला मान्य आहे. पण मग त्याने त्या म्हातारीच्या आणि सैनिकाच्या मनात शिरायला नको होतं. 'मला दिसलं नाही' इथे तो थांबतो तेव्हा अजिंक्य असतो. 'त्यांना वाटतं' असं म्हणतो तेव्हा लेखाचीच शिस्त मोडतो.

आता माझी पाळी

हा लेख मी पहिल्यांदा पदवीला असताना वाचला. इंग्रजीच्या एका सरांनी झेरॉक्स वाटली होती. तेव्हा मी बिनधास्त ऑर्वेलच्या शेजारी उभी राहून रांग बघत होते. 'आपण' म्हणजे लेखकाची बाजू, असंच गृहीत धरलं होतं. माझी पणजी डोक्यावरून सरपण आणायची, हे तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्यांदा वाचला तो पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी. माझं काम मराठवाड्यातल्या काही गावांच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की दात आणि हाडांचे त्रास सुरू होतात. पहिल्या फील्ड सीझनला मी प्रत्येक गावात गेले, सॅम्पल घेतले, जीपीएस, खोली, पीएच, ईसी सगळं शीटमध्ये भरलं. 'मालक' असा एक कॉलम होता, तिथे सातबाऱ्यावरची पुरुषांची नावं आली. 'वापर' या कॉलममध्ये मालकाने सांगितलं तसं 'पिण्यासाठी' असं लिहून टाकलं.

पोहऱ्याने पाणी काढून माझी बाटली भरून देणारी बहुतेक ठिकाणी बाईच होती. तिचा माझ्या शीटमध्ये कुठेच उल्लेख नाही. बाटली भरली, एवढंच मी पाहिलं.

पुढच्या सीझनला एका गावात गेले. ज्या विहिरीपुढे मी 'पिण्यासाठी' लिहिलं होतं, तिथे पाणी काढणारी एक आजी हसून म्हणाली, "बाई, हे पानी कोन पितंय? ह्यात डाळ शिजत नाही. प्यायला आमी बोरचं नेतो."

तिच्या एका वाक्याने माझं अख्खं एक प्रकरण हललं. डाळ शिजत नाही म्हणजे पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम जास्त. आणि कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी राहतं, कारण दोन्ही मिळून फ्लोराइटच्या रूपात खाली बसतात. याउलट मऊ, चवीला बरं, डाळ चटकन शिजवणारं पाणी जास्त फ्लोराइडचं असण्याची शक्यता अधिक. म्हणजे बायका चांगलं म्हणून जे पाणी घरी नेत होत्या, नेमकं तेच तपासायला हवं होतं. मी मात्र मालकाच्या सांगण्यावरून कोण किती फ्लोराइड पितं याचं गणित मांडून बसले होते. जड पाण्याचं रसायन मला पाठ होतं. ते पाणी स्वयंपाकघरात जातच नाही, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना मी विचारलंच नव्हतं.

गाइडना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पुन्हा जा." पुन्हा जाण्यात एक सीझन गेला, फेलोशिपचे महिने गेले. प्रकरण आता नव्याने लिहितेय.

त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत मला सरपणाची ती रांग आठवली आणि फोनवर लेख शोधून पुन्हा वाचला. या वेळी मला ऑर्वेलच्या शेजारी उभं राहायला लाज वाटली, आणि त्याच्यावर हसायचीही सोय राहिली नव्हती. तो परदेशात भाषा न येता सहा महिने राहिला होता. मी माझ्याच भाषेत, माझ्याच जिल्ह्याच्या शेजारच्या जिल्ह्यात होते. प्रवासी व्हायला समुद्र ओलांडावा लागत नाही. हातात सॅम्पलची बाटली आणि भाड्याची जीप पुरते.

मग वाचताना आणि फील्डवर काय करायचं

यातून मी स्वतःसाठी काही प्रश्न काढले आहेत. तुमच्या पहिल्या लिटरेचर रिव्ह्यूला लागले तर वापरा.

एक. निरीक्षक कुठे उभा होता, किती दिवस, कोणाच्या खर्चाने, कोणती भाषा येत असताना? व्हार्टनची मोटार आणि ऑर्वेलचा व्हरांडा, दोन्हींतून मोरोक्को वेगळा दिसतो.

दोन. वाक्याचे दोन रंग करा. 'दिसलं' ते एका रंगात, 'त्याचा अर्थ' दुसऱ्या रंगात. ऑर्वेलच्या लेखावर हे पेन्सिलने करून बघा. तो कुठे भक्कम आहे आणि कुठे घसरतो, हे दहा मिनिटांत कळेल.

तीन. या निरीक्षणाचं दुसरं कारण असू शकतं का? थडगं आठवा.

चार. कोण बोललं आणि कोणाच्या वतीने बोललं गेलं? ज्याच्या हातात काम आहे त्याला विचारलं, की ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याला?

पाच. नोटबुकमध्ये असलेलं काय पेपरमध्ये आलं नाही? दुसऱ्याच्या बाबतीत हे सहसा कळत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र नक्की कळतं.

आणि एक सांगते. एवढी टीका केल्यावरही हा लेख मी वाचायला का सांगतेय? चुका असलेलं लेखन टाकून द्यायचं असतं, असं आपल्याला परीक्षांनी शिकवलंय. संशोधनात तसं नसतं. ऑर्वेलच्या चुका मला दिसल्या त्या बऱ्याच अंशी त्यानेच दिलेल्या भिंगातून. 'मी पाहिलं नव्हतं' हे त्याने आधी लिहून ठेवलं म्हणून 'आणखी काय पाहिलं नाहीस?' हे त्याला विचारता येतं. व्हार्टनला तो प्रश्न विचारायला सुरुवात कुठून करायची, हेच कळत नाही.

माझ्या नव्या शीटमध्ये 'मालक' या कॉलमच्या शेजारी आता आणखी एक कॉलम आहे: 'पाणी कोण भरतं'. त्यात नावं लिहिते. त्या आजींचं नाव पहिल्या ओळीत आहे. ते मी इथे देणार नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही.